घसरलेला संघ सावरला, आता लोनवरचे खेळाडू घ्यायचे का?

जानेवारीची ट्रान्सफर विंडो जवळ आली की गोव्यातल्या चहाच्या टेबलांवर हा वाद ठरलेलाच. संघ तळातून वर सरकलेला असतो, चार सामने जिंकलेले असतात आणि कुणीतरी म्हणतं, "आणखी दोघे लोनवर आणा, चषक आपलाच." दुसरा लगेच विचारतो, "जिंकतोय तो संघ मोडायचा कशाला?"

या वादाचं उत्तर शोधायला दूर जायची गरज नाही. 2014 साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा एफसी गोवाला पहिल्या तीन सामन्यांत एकही विजय मिळाला नव्हता. फातोर्ड्याच्या मैदानावर चेन्नईयनकडून आणि कोलकात्याकडून हार झाली. प्रशिक्षक झिको यांच्या नावाचं वजन मोठं, पण गुणतक्त्याला नावाशी काय देणंघेणं! तोच संघ पुढे सावरला आणि 14 सामन्यांत 22 गुण घेऊन दुसरा आला. उपांत्य फेरीत कोलकात्याविरुद्ध दोन सामने आणि जादा वेळ मिळून 210 मिनिटांत एकही गोल झाला नाही. शेवटी पेनल्टीवर 4-2 असा पराभव पदरात पडला.

त्या संघातले रोमिओ फर्नांडिस, मंदार राव देसाई, नारायण दास हे लोनवरचेच. मूळचे धेंपो क्लबचे. पण ते हंगाम सुरू होण्याआधी आले होते आणि बरेचसे एकमेकांना आधीपासून ओळखत होते. मधेच आणलेल्या पाहुण्याला हा फायदा मिळत नाही. त्याची भाषा, त्याची जागा, त्याच्यामुळे बाकावर बसणारा पोरगा, सगळंच नव्याने बसवावं लागतं.

आता देणाऱ्याच्या घरी काय झालं तेही बघा. आयएसएलची अंतिम लढत 20 डिसेंबरला संपली आणि 28 डिसेंबरला फेडरेशन कप सुरू. धेंपो त्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला, बेंगळुरूकडून 1-2 हरला. त्यानंतर रोमिओ लोनवर ब्राझीलच्या अॅटलेटिको परानेन्सेकडे गेला. पोराचं सोनं झालं, त्याबद्दल कुणाची तक्रार नसावी. पण पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला हा क्लब त्याच हंगामात आय-लीगमधून खाली घसरला. याला एकच कारण होतं असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. तरी आपला चांगला माणूस मधेच दुसऱ्याला देणं म्हणजे काय, ते तेव्हा गोव्याने पाहिलं.

फिफानेही 2022 पासून आंतरराष्ट्रीय लोनला लगाम घातला. आधी आठ, मग सात आणि 2024 पासून सहाच खेळाडू घेता किंवा देता येतात. दोन क्लबांमध्ये एका वेळी तिघांपेक्षा जास्त देवाणघेवाण नाही, आणि लोन एक वर्षापलीकडे नाही. 21 वर्षांपर्यंतच्या, क्लबने स्वतः घडवलेल्या मुलांना मात्र सूट आहे.

कोल्हापूरच्या पेठांतल्या तालमींनाही हा पेच नवा नाही. बाहेरचा आणला की गल्लीतला पोरगा मैदानाबाहेर.

म्हणून सावरलेल्या संघाने एकच हिशेब करावा. गोलरक्षक जायबंदी असेल, डाव्या बगलेला माणूसच नसेल, तर लोन जरूर घ्यावं. नुसत्या चार विजयांच्या जोरावर उसनं अवसान आणून तिघं-चौघं भरायची असतील, तर ते पैसे मे महिन्यात कुणाला पगार द्यायला उरतील, ते आधी खजिनदाराला विचारावं.