मंजूर झालेला पैसा आणि हाती न आलेला ग्रंथ

सरकारने एखाद्या कामासाठी पैसा मंजूर केला म्हणजे ते काम झालेच, अशी भोळी समजूत आपल्या समाजात अजूनही आढळते. शासनाचा निर्णय वर्तमानपत्रात छापून येतो, सभांतून अभिनंदनाचे ठराव होतात, पुढाऱ्यांच्या गळ्यात हार पडतात आणि आपण घरोघर परततो. त्या पैशाचे पुढे काय झाले, हे विचारावयास कोणी मागे उरत नाही. वाङ्मय, कला आणि विद्या यांसाठी होणाऱ्या सरकारी खर्चाच्या बाबतीत तर ही उदासीनता अधिकच आहे. रस्ता झाला नाही तर पायांना कळते. ग्रंथ निघाला नाही तर कोणाला कळावे?

आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचेच उदाहरण घेऊ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. मागे त्यांच्या अप्रकाशित लिखाणाचा मोठा ठेवा राहिला. तो प्रसिद्ध करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने समिती नेमली ती १९७६ साली, म्हणजे २० वर्षांनी. आणि पहिला खंड निघाला १४ एप्रिल १९७९ रोजी. याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून पाहावी. महात्मा गांधींचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध करण्याचे काम केंद्र सरकारने १९५६ सालीच हाती घेतले. प्रा. के. स्वामीनाथन हे १९६० पासून १९८५ पर्यंत त्याचे प्रमुख संपादक होते आणि १९९४ साली १०० खंड पुरे झाले. हा दाखला आम्ही मत्सराने देत नाही. सरकारने मनावर घेतले, कायमचा संपादक दिला आणि पैशाचा ओघ अखंड ठेवला, तर सरकारी कामही तडीस जाते, एवढेच यावरून दिसते.

आपल्या समितीची रचना कशी आहे? खात्याचे मंत्री तिचे अध्यक्ष, काम पाहावयास सदस्य सचिव आणि छपाई शासकीय मुद्रणालयाकडे. मंत्रिमंडळ बदलले की समिती बदलते. एका कचेरीतील कागद दुसऱ्या कचेरीची वाट पाहत पडतो. असे असूनही जे खंड निघाले, त्यांतील कितीतरी वसंत मून यांच्या परिश्रमाचे फळ आहेत. शासकीय सेवेतील या माणसाने ते काम नोकरी म्हणून न करता व्रत म्हणून केले. २००२ साली ते निवर्तले. परंतु जी व्यवस्था एका निष्ठावंत माणसाच्या खांद्यावर चालते आणि तो खांदा गेला की अडखळते, तिला व्यवस्था कसे म्हणावे?

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. १९८७ साली चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, प्रसिद्ध झाला. त्यातील राम व कृष्ण यांच्यावरील प्रकरणावरून काहूर उठले आणि ते प्रकरण गाळण्यास शासन तयार झाले. १९८८ च्या फेब्रुवारीत आपल्या समाजाने मुंबईत विराट मोर्चा काढला, तेव्हा ते प्रकरण ग्रंथात राहिले. पण या मतांशी शासन सहमत नाही, अशी टीप त्याला जोडली गेली. ज्याच्या हाती तिजोरी, त्याच्याच हाती संपादनाची लेखणी असली म्हणजे असे होते. ब्रिटनमध्ये १९४६ साली स्थापन झालेल्या आर्ट्‌स कौन्सिलचे तत्त्व असे होते की, पैसा सरकारने द्यावा आणि तो कोणत्या कृतीला द्यावा हे जाणकारांच्या मंडळाने ठरवावे. ते तत्त्व तेथेही नेहमीच पुरतेपणी पाळले गेले असे नाही; पण निदान मोजमापासाठी एक माप तरी असते.

आता पैशाची गोष्ट. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वर्तमानपत्रातील वृत्ताची स्वतःहून दखल घेतली. ते वृत्त असे होते : या खंडांच्या ९ लाख प्रती छापावयाचे ठरले, त्यासाठी ५ कोटी ४५ लाख रुपयांचा कागद घेतला गेला, आणि चार वर्षांत छापल्या गेल्या अवघ्या ३३ हजार प्रती. कागद गोदामात पडून राहिला. हे प्रमाण शेकडा ४ देखील भरत नाही! पैसा मंजूर होता, कागद होता, मागणी तर होतीच. नव्हता तो केवळ जाब विचारणारा.

काही भले गृहस्थ म्हणतात, “सरकार इतक्या स्वस्तात ग्रंथ देते, त्याचे आभार मानावे, तक्रार कशाला?” आम्हांस हे मान्य नाही. आपण साबणाची वडी घेतो, चपलांचा जोड घेतो, त्यावर कर भरतो. त्या करातूनच हा कागद आला. हे दान नव्हे, आपला हक्क आहे. ज्या कुटुंबाने नुकतीच दीक्षा घेतली, त्याने जुन्या पोथ्या आणि जुने देव घराबाहेर ठेवले. उद्या घरातील मूल विचारील, “आई, आपण हे का सोडले?” त्या माउलीच्या हाती उत्तरासाठी ग्रंथ नको काय? ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली निघाला आणि १९९२ साली या मालिकेचा ११ वा खंड म्हणून पुन्हा छापला गेला. मजुरी करून पोट भरणाऱ्या घराला असे ग्रंथ परवडतात ते शासनाच्या किमतीतच. शिवाय मालिकेतील बहुतेक खंड इंग्रजीत आहेत. मराठी भाषांतर रखडले की त्या घराचे दार बंदच राहते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. मंत्रिमंडळ बदलले तरी न बदलणारा, ठराविक मुदतीचा पूर्णवेळ संपादक असावा. भाषांतराचा व छपाईचा निधी वेगळा राखावा. ग्रंथात काय राहावे याचा अंतिम निर्णय विद्वानांच्या हाती असावा. आणि दरवर्षी १४ एप्रिलला किती रुपये मिळाले, किती प्रती छापल्या, किती विकल्या व किती पडून आहेत, याचा हिशेब जनतेपुढे ठेवावा.

परंतु मागणी करून स्वस्थ बसणे हा आपला धर्म नव्हे. माहितीचा अधिकार कायदा २००५ पासून आपल्या हाती आहे. अर्जाचे शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. रविवारी विहारात वंदना झाल्यावर चार शिकलेल्या मुलामुलींनी बसून एक अर्ज लिहावा. उत्तर आले नाही तर अपील करावे. आले तर ते सर्वांसमक्ष वाचून दाखवावे. बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार आपण दरवर्षी घालतो. त्यांचे शब्द गोदामातून सोडवून आणणे, हेही अभिवादनच आहे.