पाळीच्या आधीचे आठ दिवस

मराठीत पाळीला शब्द काही कमी नाहीत. कावळा शिवला, बाहेरची झाली, अडचण आली, आणि आता ऑफिसात सर्रास 'पिरियड्स'. पण पाळीच्या आधीच्या आठ दिवसांना मात्र एक शब्द सापडत नाही. उगाच रडू येणं, साध्या बोलण्यावर भडकणं, रात्र रात्र झोप न लागणं, आपण कोणालाच नको आहोत असं वाटणं.. या सगळ्याला आपल्याकडे नाव एकच, "हिचं डोकं फिरलंय". दुखण्याला नाव नसलं की लोक त्याला स्वभाव म्हणायला लागतात. आज त्यावरच लिहायचंय. (बायकोला विचारून लिहितोय आणि तिने आधी वाचलंय, तेव्हा काळजी नसावी.)

आम्ही राहतो टाकवे बुद्रुकला, आंदर मावळात. कान्हे फाट्यावरून आत आलात की एकीकडे कंपन्या आणि एकीकडे भातखाचरं. आवणीला दिवसभर चिखलात वाकणाऱ्या बाया तारीख बघून खाचरात उतरत नाहीत, आणि कंपनीची शिफ्टसुद्धा तारीख बघून लागत नाही. त्यामुळे हा विषय काढला की पहिलं वाक्य ठरलेलं: "आमच्या वेळी असलं काही नव्हतं बाबा!"

खरंच नव्हतं? १९८९ साली डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांना तपासलं, तर ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला. आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या किती? जेमतेम ८ टक्के. तो अभ्यास शरीराच्या रोगांचा होता, मनाचा नव्हे. पण जिथे शरीराचं दुखणंसुद्धा बायका मुकाट अंगावर काढत होत्या, तिथे "मला उगाच रडू येतंय" हे कोण कोणाला सांगणार? 'नव्हतं' याचा अर्थ बऱ्याचदा 'कोणी विचारलं नव्हतं' एवढाच असतो.

दुसरं वाक्य: "सगळ्याच बायकांना पाळी येते, हिलाच काय एवढं?" हा प्रश्न मात्र चांगला आहे, आणि त्याला उत्तरही आहे. १९९८ साली अमेरिकेत पीटर श्मिट आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. हा त्रास असलेल्या काही स्त्रियांची हार्मोन्स औषधाने थांबवली, तेव्हा बऱ्याच जणींचा त्रास गेला. मग हार्मोन्स परत दिली, तर त्रास परत आला. त्रास नसलेल्या स्त्रियांना तेच औषध आणि तीच हार्मोन्स दिली, त्यांना काहीच झालं नाही. म्हणजे हार्मोन्स कमीजास्त असण्याचा प्रश्न नव्हता, त्यांच्या चढउताराला मेंदू कसा प्रतिसाद देतो याचा होता. एकाच बाटलीतलं औषध एकाला मानवतं आणि दुसऱ्याला अंगावर पुरळ येतं, तसंच काहीसं. तेव्हा सासूबाईंना झालं नाही म्हणून सुनेला होणार नाही, हे गणितच चुकीचं आहे.

आता नवरे मंडळींकडे वळू. आपलं लाडकं वाक्य: "तारीख जवळ आली वाटतं?" माझं स्पष्ट मत, हे वाक्य घरातून हद्दपार करावं. तारीख जवळ आलेली असेलही. पण ती जे बोलतेय ते त्यामुळे खोटं ठरत नाही. पाहुणे न विचारता बोलावले, घरखर्चाचं सगळं तिच्याच डोक्यावर.. या तक्रारी महिनाभर असतात. बाकीचे वीस दिवस ती त्या गिळते आणि त्या आठवड्यात गिळवत नाहीत, इतकंच. आमच्याकडे नियम असा की त्या आठवड्यात वादाचा निकाल लावायचा नाही, पण विषय लिहून ठेवायचा. पाळी संपल्यावर चार दिवसांनी तो मी काढायचा. मी, तिने नाही. नाहीतर 'नंतर बोलू' म्हणजे 'कधीच नको' असा अर्थ होतो.

दुसरी गोष्ट नोंदीची. अधूनमधून येणारा बग आठवणीवर विसंबून कधी सापडलाय का? लॉग लागतोच. आमचा लॉग म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय. दूध आणि गॅस यांच्या शेजारी रोज एक आकडा, शून्य ते तीन. तो टाकायचा तिने, आपण तिच्या मूडला मार्क द्यायचे नाहीत! डॉक्टरही निदानासाठी अशी निदान दोन महिन्यांची रोजची नोंद मागतात. पाळी सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत आकडे उतरले, तर चित्र स्पष्ट होतं. महिनाभर तीनच राहिले, तर ते दुखणं वेगळं आहे आणि तेही दाखवायलाच हवं.

तिसरी गोष्ट घरच्यांची. आईला मी हार्मोन्सचं व्याख्यान दिलं नाही. "तिला या आठवड्यात झोप लागत नाही, सकाळचा डबा मी करतो", एवढंच. आई म्हणाली, "आम्हाला बाजूला बसल्यावर तेवढीच पाठ टेकायला मिळायची." खरं असेल. पण त्या विश्रांतीची किंमत शिवाशिव होती, आणि मनाचे वाईट दिवस तर त्याआधीच होऊन गेलेले असायचे. शिवाशिव गेली ते उत्तमच झालं, पण तिच्याबरोबर विश्रांतीही गेली. ती आता घरच्यांनी ठरवून द्यायला हवी.

शेवटचं आणि महत्त्वाचं. अंदाजे शंभरातल्या तीन ते आठ जणींना हा त्रास इतका होतो की काम, घर, नाती सगळंच कोलमडतं. त्याला पीएमडीडी म्हणतात. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या सूचीत तो स्वतंत्र आजार आहे आणि त्यावर औषधं आहेत. काही गोळ्या तर फक्त त्या पंधरवड्यापुरत्याही घेता येतात. अर्थात त्या डॉक्टरांनीच ठरवायच्या, मेडिकलवाल्याने नाही. आणि "जगूनच काय करायचं" असं ती म्हणाली, तर कॅलेंडर बघत बसू नका. तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६, फुकट आहे आणि रात्रीही चालू असते.

असो. त्या आठ दिवसांसाठी एखादा चांगला मराठी शब्द कोणाला सुचला तर जरूर कळवा. तोवर "आज कितीचा आकडा?" एवढं विचारलं तरी पुष्कळ आहे.