रोप द्या, औषध घ्या!

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. एक माणूस आहे. तो करवत घेऊन राखीव जंगलात शिरतो आणि मोठमोठी झाडं पाडतो. तिथलं झाड तोडणं हा गुन्हा आहे, हे त्याला ठाऊक आहे. तर सांगा, हा माणूस चांगला की वाईट?

‘वाईट!’ म्हणालात ना? माझा चौथीचा वर्गही असाच एका सुरात ओरडला होता. पण जरा थांबा. आधी त्याचं गाव पाहू.

नकाशाची वही काढा. भारताच्या आग्नेयेला, अगदी विषुववृत्तावर, बोर्निओ नावाचं भलंमोठं बेट दिसेल. जगात तिसऱ्या क्रमांकाचं. ते तीन देशांत वाटलं गेलंय: इंडोनेशिया, मलेशिया आणि चिमुकला ब्रुनेई. इंडोनेशियाच्या वाट्याला आलेल्या भागात, पश्चिम किनाऱ्याजवळ, गुनुंग पालुंग नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. गुनुंग म्हणजे डोंगर. वर्षभर पाऊस, म्हणून हे वर्षावन. इथे सुमारे 2,500 ओरांगउटान राहतात असा अंदाज आहे. तिकडच्या भाषेत ‘ओरांग’ म्हणजे माणूस आणि ‘हुतान’ म्हणजे जंगल. जंगलातला माणूस! हा बिनशेपटीचा वानर रोज संध्याकाळी फांद्या वाकवून झाडावर नवं अंथरूण करतो. पिल्लू सहा-सात वर्षं आईला सोडत नाही. कुठलं फळ कुठे मिळतं, ते सगळं तिच्याकडून शिकतं. शाळाच की ही! फक्त गृहपाठ नाही.

या ओरांगउटानांचा अभ्यास करायला 1993 साली अमेरिकेतून एक विद्यार्थिनी आली. तिचं नाव किनारी वेब. (हो, आपल्या साडीला असते तीच किनारी!) तिला जंगलात करवतींचा आवाज सतत ऐकू यायचा. पण गावकऱ्यांशी बोलल्यावर तिला वेगळंच काही कळलं. दवाखाना दूर, खर्च मोठा. घरात कोणी आजारी पडलं की पैसे आणायचे कुठून? जंगलातून! एका माणसाने तर घरातल्या बाळंतपणाच्या शस्त्रक्रियेसाठी 60 झाडं तोडली होती.

आता सांगा, चांगला की वाईट? माझ्या वर्गात या वेळी कोणीच ओरडलं नाही.

किनारी परत गेली, शिकून डॉक्टर झाली आणि पुन्हा बोर्निओला आली. हॉटलिन ओम्पुसुंग्गू या इंडोनेशियातल्याच दातांच्या डॉक्टर. त्यांच्यासोबत तिने संस्था उभी केली: ‘आलाम सेहात लेस्तारी’, थोडक्यात ‘आसरी’. यातला ‘सेहात’ म्हणजे हिंदीतला सेहत, बरं का! मला सगळ्यांत आवडलं ते त्यांनी पहिल्यांदा जे केलं ते. पाट्या लावल्या नाहीत की भाषणं दिली नाहीत. गावोगाव बसून त्यांनी विचारलं, ‘हे जंगल तुम्ही राखावं म्हणून तुम्हाला काय हवं?’ आणि नुसतं ऐकलं. गावं वेगवेगळी, पण उत्तरं तीच. एक म्हणजे परवडेल असा दवाखाना. दुसरं म्हणजे महागडं खत विकत न घेता करता येईल अशी शेती.

2007 साली सुकादाना या गावी दवाखाना सुरू झाला. तिथली बिल भरायची पद्धत मजेशीर आहे. पैसे नाहीत? मग रोपं आणा. शेणखत आणा. विणलेली टोपली किंवा चटई आणा. नाहीतर दवाखान्यात थोडं काम करा. आणलेली रोपं जंगलाच्या उजाड झालेल्या भागात लावली जातात. शिवाय ज्या गावाने झाडतोड थांबवली, त्या गावाला जास्त सवलत. म्हणजे कुणा एकाने करवत उचलली तर शेजाऱ्याचं बिल वाढणार. मग शेजारी गप्प बसेल होय!

2017 पासून तोडणाऱ्यांकडून यांत्रिक करवती विकत घ्यायला सुरुवात झाली. करवत द्यायची आणि छोटा धंदा उभा करायला मदत घ्यायची. विधवा बायकांना शेळ्या दिल्या. पैसे फेडायचे नाहीत, त्याबदली करडू द्यायचं आणि लेंडीखत द्यायचं. ते करडू पुढच्या बाईकडे जातं.

हे सगळं ऐकायला छान, पण जंगल वाचलं का? शास्त्रज्ञांनी उपग्रहाची चित्रं आणि दवाखान्याची 10 वर्षांची नोंद ताडून पाहिली. 2020 साली त्यांनी निष्कर्ष छापला. अशी सोय नसलेल्या इतर राष्ट्रीय उद्यानांशी तुलना केली, तर इथली जंगलतोड सुमारे 70 टक्क्यांनी कमी भरली. ज्या गावांचे लोक दवाखान्यात जास्त वेळा आले, त्यांच्या जवळचं जंगल जास्त टिकलं.

सगळं संकट टळलं असं मात्र नाही. उन्हाळ्यात वाळलेलं गवत पेटलं की लावलेली रोपं जळतात. 2015 आणि 2019 साली बोर्निओत मोठे वणवे लागले होते. शिवाय जंगलं तोडून तेलताडाचे मळे पसरलेत. त्यापासून पामतेल निघतं. आणि जगात सर्वांत जास्त पामतेल बाहेरून मागवणारा देश कोणता ठाऊक आहे? आपला भारत!

तर या आठवड्याचं काम. घरातला बिस्किटाचा पुडा, साबण आणि फरसाणाची पिशवी घ्या. वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचा. (भिंग लागेल. आजोबांचा चष्माही चालेल, पण विचारून घ्या.) किती वस्तूंवर ‘पाम’ हा शब्द सापडला, ते पोस्टकार्डावर लिहून पाठवा. आई-बाबांनी सांगून टाकायचं नाही!