पायावर डोके ठेवले, पाय पाहिले नाहीत



उन्हाळ्यातल्या आपल्या पिकनिकमध्ये एक विनोद ठरलेला असतो. शेजारच्या टेबलावरची गोरी मंडळी अंगाला क्रीम चोपडत असतात आणि आपल्यातले कोणीतरी म्हणते, "आपल्याला काय गरज? आपण मुळातच भाजून आलेलो!" सगळे हसतात. मीही बरीच वर्षे हसले. माझे संशोधन पेशीतल्या डीएनएची मोडतोड आणि दुरुस्ती या विषयावर आहे. उन्हातले अतिनील किरण डीएनएचे काय करतात ते मी प्रयोगशाळेत पाहत आले आहे. तरीही हसले.

विनोदात अर्धे सत्य आहे. मेलॅनिन हे आपल्या त्वचेतले रंगद्रव्य अतिनील किरण बरेचसे अडवते, म्हणून गोऱ्या लोकांपेक्षा आपल्यात त्वचेचा कर्करोग खूपच कमी आढळतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. आणि आपल्यात तो होतो तेव्हा पुष्कळदा अशा जागी होतो, जिथे ऊन पोचतच नाही.

२०१९ साली आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. तिच्या टाचेखाली एक काळपट डाग होता. "भोवरी आहे गं, चपलेची," ती म्हणाली. मी दुकानातून भोवरीची पट्टी आणून दिली. इथल्या एका डॉक्टरांना दाखवले, त्यांनी चामखीळ म्हणून औषध दिले. आई परत गेली. २०२० साली लॉकडाऊनमध्ये दवाखान्यात जाणे राहून गेले. रोज व्हिडिओवर बोलायचो, पण व्हिडिओवर चेहरा दिसतो. २०२१ च्या सुरुवातीला डागातून रक्त येऊ लागले, तेव्हा बायोप्सी झाली. मेलॅनोमा. जाडी चार मिलिमीटर, आणि जांघेतल्या गाठींपर्यंत पोचलेला.

मेलॅनोमा त्वचेच्या वरच्या थरात असतानाच कापून काढला, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. जाडी एक मिलिमीटरच्या आत असेल तरी आशा पुष्कळ असते. खोल गेला की हिशेब बदलतो. सुदैवाने औषधे आता खूप पुढे गेली आहेत. शरीराच्या प्रतिकारशक्तीचे ब्रेक सैल करणाऱ्या उपचारांच्या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. पूर्वी शरीरभर पसरलेला मेलॅनोमा असलेले बहुतेक रुग्ण वर्षभरही काढत नसत. अशी दोन औषधे एकत्र दिलेल्या रुग्णांपैकी ४३ टक्के दहा वर्षांनंतरही हयात होते, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीच्या निष्कर्षांत दिसले.

पण यात एक मेख आहे. उन्हामुळे झालेल्या मेलॅनोमाच्या डीएनएमध्ये हजारो बिघाड असतात, आणि त्यांमुळेच प्रतिकारशक्तीला तो परका म्हणून ओळखता येतो. तळपायाच्या मेलॅनोमात असे बिघाड कमी असतात, त्यामुळे ही औषधे तिथे तितकी लागू पडत नाहीत. आईला पडली नाहीत. २०२३ साली ती गेली.

हे केवळ माझ्या घरचे दुर्दैव नव्हे. बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली हाच रोग सापडला. आधी ती फुटबॉलची दुखापत वाटली होती. १९८१ साली तो वारला, तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. अमेरिकेत मेलॅनोमाच्या निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण गोऱ्यांमध्ये ९० टक्क्यांहून जास्त आहे, कृष्णवर्णीयांमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास. रोग तळव्यांवर आणि नखांखाली होतो, उशिरा ओळखला जातो, ही त्यामागची मोठी कारणे. वैद्यकीय पुस्तकांतली बहुतेक छायाचित्रे वर्षानुवर्षे गोऱ्या त्वचेचीच राहिली आहेत. डॉक्टरांची नजर त्यावरच तयार होते.

मात्र सगळा दोष डॉक्टरांवर टाकून मला सुटता येत नाही. आपण तरी त्वचेकडे कशासाठी पाहतो? रंगासाठी. मुलगी जन्मली की पहिला प्रश्न रंगाचा. लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी' आणि 'गव्हाळ'. आपल्यातले जे सनस्क्रीन लावतात, त्यांतले कितीतरी जण "काळे पडू नये" म्हणून लावतात. इतकी वर्षे त्वचेची एवढी चिकित्सा करणारा आपला समाज, त्यात तळपायाला जागाच नाही, कारण तळपायाचा रंग कोणी विचारत नाही.

आणि ऊन हे एकच कारणही नव्हे. मुंबईच्या टाटा मेमोरिअलमधील वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांच्या कमरेवरच्या कर्करोगाविषयी लिहिले. त्यांतली एक अनेक वर्षे घट्ट लुगडे नेसत असे. वर्षानुवर्षे घासून झालेली जखम, भाजल्याचा जुना व्रण, यांतूनही कर्करोग होऊ शकतो. त्या बायकांनी ती जखम कोणाला दाखवली असेल?

तर माझे म्हणणे साधे आहे. महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर दोन मिनिटे, तळपाय, बोटांच्या बेचक्या, तळहात आणि नखे पाहा. वाकता येत नसेल तर आरसा घ्या किंवा घरच्यांना सांगा. आपल्यापैकी अनेकांच्या नखांवर तपकिरी रेघा असतात, त्या बहुधा निरुपद्रवी असतात. पण एकाच नखावरची रेघ रुंद होत असेल, काळेपणा नखाच्या कडेच्या कातडीवर उतरत असेल, डाग वाढत किंवा रंग बदलत असेल, रक्त येत असेल, किंवा 'भोवरी' दोन महिन्यांत बरी होत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि "बायोप्सी करायची का?" हे स्वतःहून विचारा. वार्षिक तपासणीत मोजे काढा. भिडस्तपणा करू नका. उन्हात तासन् तास राहणार असाल तर टोपी आणि सनस्क्रीनही वापरा, पण सनस्क्रीन तळपायाला वाचवत नाही. तिथे नजरच हवी.

वाकून नमस्कार करणे आपल्यातल्या काहींना पटत नाही. मला पटते, मी आईला नेहमी करायचे. पण नमस्कारात पाऊल वरून दिसते, तळवा दिसत नाही. या वर्षी भारतात जाल किंवा आईवडील इकडे येतील, तेव्हा नमस्कार करा अथवा करू नका. त्यांना खुर्चीत बसवा, पाय मांडीवर घ्या आणि उजेडात नीट पाहा. ते संकोचतील, "काय हे!" म्हणतील. म्हणू द्या.