त्या दगडावर नाव का नसते?

विज्ञानकथांमध्ये एक वस्तू पुन्हा पुन्हा भेटते. चंद्रावर किंवा एखाद्या डोंगराच्या पोटात खोदकाम चालू असते आणि काहीतरी हाती लागते. ते माणसाच्याही आधीचे असते. त्यावर नाव नसते, लिपी नसते, आणि ते कशासाठी बनवले हे कोणालाच सांगता येत नाही. मला या कथा मनापासून आवडतात. पण त्या कथांतले प्रतीक आणि आज मुलांच्या मोबाईलवर फिरणारी अफवा यांत गल्लत होऊ लागली आहे. म्हणून थोडे लिहावेसे वाटले.

आधी प्रतीकाकडे पाहू. स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) या चित्रपटात काळ्या, गुळगुळीत शिळेसमोर आदिमानवांचा कळप जमतो. ते तिला भीत भीत हात लावतात. पुढे त्यांच्यातल्या एकाच्या हातात हाड येते आणि ते हत्यार आहे हे त्याला उमगते. आधी शिकार होते आणि मग दुसऱ्या टोळीतल्या एकाचा जीव जातो. शिळा काहीच बोलत नाही. मिळालेल्या अकलेचे काय करायचे, हे माणूस ठरवतो आणि त्यातच तो उघडा पडतो.

या चित्रपटाचे बीज आर्थर क्लार्क यांच्या ‘द सेंटिनल’ या १९५१ साली छापून आलेल्या कथेत आहे. तिथे चंद्रावर पिरॅमिडच्या आकाराची एक वस्तू सापडते. तिच्याभोवतीचे कवच भेदायला माणसाला वीस वर्षे लागतात, आणि शेवटी तो अणुशक्ती वापरून ती फोडतो. समजून घेता आले नाही म्हणून फोडून पाहिले. आपल्या स्वभावावर याहून नेमके बोट कोण ठेवणार?

रशियातल्या स्ट्रुगात्स्की बंधूंनी १९७२ मध्ये ‘रोडसाइड पिकनिक’ लिहिली. परग्रहावरचे कोणी येऊन गेले आणि मागे वस्तू टाकून गेले. सहलीला आलेली माणसे रस्त्याकडेला डबे आणि कागद टाकून जातात, तसा तो कचरा असावा, असे त्यातला एक शास्त्रज्ञ म्हणतो. माणसे जीव धोक्यात घालून तो वेचतात आणि चोरबाजारात विकतात. मराठीत जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ मध्ये जमिनीखाली एक पेटी सापडते. तिच्यात एका प्रगत संस्कृतीचे ज्ञान साठवलेले असते. त्याच्या जोरावर वामन नावाचा यंत्रमानव घडतो, आणि हे ज्ञान आपल्याला पेलणार आहे का, हा प्रश्न उभा राहतो. बळी आणि वामनाची गोष्ट माहीत असलेल्या वाचकाला त्या नावातच इशारा कळतो.

या सगळ्या कथांत वस्तूवर कर्त्याचे नाव नसते, ते मुद्दाम. कर्ता दिसला तर आपले लक्ष त्याच्याकडे जाईल. नाव नसल्यामुळे वस्तू आरसा होते आणि सापडणाऱ्याचा चेहरा दाखवते: त्याची भीती, त्याची हाव, कधी त्याची नम्रता. म्हणून या कथा मोठ्या आहेत.

अडचण सुरू होते ती हाच आरसा उचलून खऱ्या इतिहासासमोर धरला की. कुब्रिकचा चित्रपट आला त्याच वर्षी, १९६८ मध्ये, एरिक फॉन डेनिकेन यांचे पुस्तक आले. जुन्या संस्कृतींच्या थोर कामांमागे परग्रहावरचे पाहुणे असावेत, असा त्यांचा रोख होता. तोच माल आज व्हिडिओंतून मुलांपर्यंत पोहोचतो. मी उर्दू शाळेत शिकवते. नववीतला एक मुलगा मला म्हणाला, “टीचर, पिरॅमिड तो एलियन ने बनाए ना?” त्याच्या आवाजात शंका नव्हती. माहिती असल्यासारखा तो बोलत होता.

मी त्याला मेरेरची गोष्ट सांगितली. २०१३ मध्ये इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राच्या काठी, वादी अल-जर्फ इथे, पपायरसचे जुने कागद सापडले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. तुरा इथल्या खाणीतला चुनखडीचा दगड बोटीत भरून, नाईल नदीतून गिझाला खुफूच्या पिरॅमिडकडे कसा नेला, याची नोंद तो ठेवत होता. त्याच ठिकाणी कामगारांना दिलेल्या अन्नधान्याचे हिशोबही मिळाले. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे हजेरीपुस्तकच म्हणा ना.

आणि हे प्रश्न कोणाबद्दल विचारले जातात तेही पाहा. मिसर, पेरू, मेक्सिको, भारत. युरोपातली मध्ययुगीन चर्चे कोणी परग्रहावरून येऊन बांधली, असे सहसा कोणी विचारत नाही. तिथल्या गवंड्याच्या हातावर विश्वास आहे. आपल्या गवंड्याच्या हातावर नाही. गंमत म्हणून सुरू झालेली कल्पना अशी आपल्याच पूर्वजांची मजुरी बुडवते.

लांब कशाला जायचे? नाशिकची लेणी पाहा. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, कारण एवढे काम साध्या माणसाचे असेल असे वाटतच नाही. पण भिंतीवर ब्राह्मी लिपीत सगळे कोरलेले आहे. दहाव्या लेण्यातल्या लेखात नहपानाचा जावई उषवदात ३००० कार्षापणांची ठेव ठेवल्याचे सांगतो. त्यातले २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे. व्याजाचा दरही लिहिला आहे, आणि मोठ्या रकमेच्या व्याजातून भिक्षूंना वस्त्रे द्यायची आहेत. ब्राह्मी वाचता येईनाशी झाली आणि हे लेणे ‘गूढ’ झाले. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ती लिपी उलगडली, तेव्हा विणकर पुन्हा बोलू लागले.

माझ्या वर्गातली बरीच मुले यंत्रमागाच्या घरांतून येतात. याच जिल्ह्यात, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी, राजघराण्यातला माणूस विणकरांच्या भरवशावर पैसे ठेवत होता, हे त्यांना कळायला नको का? एलियनच्या व्हिडिओपेक्षा ही गोष्ट त्यांच्या कितीतरी कामाची आहे.

म्हणून मुलांना नारळीकर जरूर द्या, क्लार्कही द्या. काळ्या शिळेसमोर त्यांना खुशाल थक्क होऊ द्या. फक्त लेण्यात, किल्ल्यात किंवा दर्ग्याच्या दारात उभे राहिल्यावर आधी भिंतीवर काही लिहिले आहे का ते पाहायला सांगा. तिथे ब्राह्मी असेल, फारसी असेल, मोडी असेल. ती वाचणारी माणसे आपल्या शाळांतून तयार झाली नाहीत, तर आज ज्यांची नावे माहीत आहेत अशा वस्तूही उद्या गूढ होतील.