बिलाची मागची बाजू



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या एक मावशी विजेचे बिल घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. चार घरची धुणीभांडी करून नातवाला शिकवतात. पत्र्याची एक खोली. त्यात एक ट्यूबलाइट, एक पंखा, एक टीव्ही. दरमहा पाच-सहाशेचे बिल भरणाऱ्या या बाईला एकदम नऊ हजारांचे बिल आले होते. चौकशीला गेल्या तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, "आधी भरा, मग बोला." नातवाची दहावी तोंडावर. मावशी म्हणाल्या, "भाऊ, कानातलं मोडते नि भरून टाकते. पोरगं अंधारात वाचंल कसं?"

मी बिल उलटे केले. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत तक्रार कुठे करायची ते छापलेले होते. ती बाजू आपण कधी वाचतो का?

२००३ च्या वीज कायद्याचे ५६ वे कलम सांगते की, थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस दिलीच पाहिजे. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांपैकी जी कमी असेल ती 'निषेध नोंदवून' भरावी. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. आम्ही तसा अर्ज लिहिला आणि सरासरीची रक्कम भरली. अर्जाची पोच मात्र शिक्का मारून घेतली. पुढे तपासणीत निघाले काय, तर शेजारच्या गाळ्याच्या मीटरचे रीडिंग मावशींच्या नावावर चढले होते. बिल दुरुस्त झाले. कानातले कानातच राहिले.

पण प्रश्न एका मावशीचा नाही. विजेचा दर कोण ठरवतो, हे आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे?

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज ही खातीही त्यांच्याकडेच होती. दामोदर खोऱ्याच्या योजनेसाठी जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याला झालेल्या परिषदेचे अध्यक्ष तेच होते. वीज कोणाच्या मालकीची असावी, खासगी की सरकारी, हा प्रश्न त्यांनी १९४३ सालीच धोरण समितीपुढे ठेवला. स्वस्त आणि मुबलक वीज मिळाली तरच उद्योग वाढतील आणि गरिबी हटेल, अशी त्यांची भूमिका होती.

स्वातंत्र्यानंतर राज्याराज्यांत वीज मंडळे आली. दर मंडळ आणि सरकार मिळून ठरवीत. लोकांना विचारण्याची पद्धत नव्हती. मग आले दाभोळचे एन्रॉन प्रकरण. १९९३ च्या डिसेंबरात करार झाला. मंडळाने वीज घेतली नाही तरी ठरावीक आकार भरायचाच, अशी त्यात अट होती. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेने या कराराची आकडेमोड करून त्याचा बोजा लोकांपुढे मांडला. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. बंद खोलीत झालेल्या कराराची किंमत शेवटी खोलीबाहेरच्या माणसालाच मोजावी लागते, हा धडा महाराष्ट्राला फार महाग पडला.

१९९९ सालीच महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. आता दरवाढ हवी असेल तर कंपनीला आयोगाकडे अर्ज करावा लागतो. त्याचा गोषवारा प्रसिद्ध करावा लागतो. लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घेतल्यावरच आयोग दर ठरवतो. पाण्यासाठीही २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले. शेती, कारखाने आणि नगरपालिका यांच्यासाठी धरणाच्या पाण्याचे ठोक दर ते ठरवते. कोळशाची वीज कमी करून सूर्याची वीज वाढवायची, असे आता सारे जग म्हणते. उन्हाळा वाढतो आहे, हे पत्र्याखाली राहणाऱ्याला पुस्तकातून कळायला नको. पण या बदलाचा खर्च कोणाच्या बिलात किती पडणार, याचा हिशेबही याच आयोगापुढे होतो.

तिथे कारखानदारांच्या संघटना अभ्यास करून, वकील घेऊन येतात. शेतकऱ्यांचे पुढारी येतात. एका खोलीत एक पंखा चालवणारी मावशी तिथे का नसावी?

इथे महाडची आठवण होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरी आपल्या ओंजळीत पाणी आले ते २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर चालत गेले तेव्हा. ठराव कागदावर होता. पाणी प्यायला आपल्यालाच जावे लागले. कायद्याचेही तसेच आहे.

म्हणून एवढे करा. जुनी बिले आणि पावत्या एका पिशवीत जपून ठेवा. दर महिन्याला मीटरचा आकडा वहीत लिहा आणि बिलावरच्या आकड्याशी ताडून पाहा. तक्रार तोंडी करू नका, लेखी करा आणि पोच घ्या. कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा, त्यापुढे विद्युत लोकपाल आहेत. वर्तमानपत्रात दरवाढीची जाहीर सूचना दिसली की विहारात रविवारच्या वंदनेनंतर ती मोठ्याने वाचा. शिकलेल्या मुलामुलींकडून हरकत लिहून घ्या आणि सुनावणीला वस्तीतली दोन माणसे तरी पाठवा. त्यांतली एक बाई असू द्या, कारण घरचा हिशेब तिलाच ठाऊक असतो.

मावशींचा नातू आता वस्तीतल्या लोकांची बिले वाचून देतो. परवा भेटला तर म्हणाला, "काका, मी आधी मागची बाजूच वाचतो."

जयभीम!