हिंगण्याची झोपडी आणि कर्वेनगरची फाटके

शहराने ज्यांना थारा नाकारला त्या विधवांसाठी महर्षी कर्व्यांनी १९०० साली हिंगण्याच्या माळावर झोपडी उभारली. त्याच भूमीचे नाव आज कर्वेनगर. येथील निवांत, कुंपणबंद सोसायट्यांत घर घेणे सामान्य पगारदारालाही दुरापास्त. धुणीभांडी करणाऱ्या भगिनींना तर कामापुरताच प्रवेश! हा काही निसर्गनियम नव्हे. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने पुण्यात मोकळ्या जमिनीस १,००० चौरस मीटरची मर्यादा घातली होती. सवलतींनी तो कायदा पोखरला. २००७ मध्ये राज्य शासनाने तो गुंडाळला. जमीन ही समाजाची ठेव आहे. श्रमिकांना कामाच्या परिसरातच परवडणाऱ्या भाड्याचे सार्वजनिक घर मिळाले पाहिजे. ही मागणी कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत नेली पाहिजे.